केलं आणि पाहिलं

खोकं दारातून आत येईना. आडवं करून पाहिलं, उभं करून पाहिलं, तिरकं घालून पाहिलं. आणणारा माणूस घामाघूम झाला आणि शेवटी म्हणाला, "ताई, दाराची एक फळी काढता येईल का?" मी म्हटलं, "त्यापेक्षा तुमचा एक खांदा काढा." तेव्हा कुठे त्याने जोर लावला आणि खोकं आत आलं. येताना चपलांचं कपाट आडवं करूनच आलं.

आई ओले हात पुसत बाहेर आली आणि जागीच थबकली.

"फ्रीज मागवलास?"

"विमान आहे. रिमोटचं. बाबांसाठी."

आईने खोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "त्यात बसून कुठे जायचंय त्यांनी?"

माझेही डोळे पांढरे व्हायची वेळ आली होती, पण आईसमोर तसं दाखवणं मला जमत नाही. मी ड्रायव्हिंग शिकवते. ज्या मोकळ्या मैदानावर मी लोकांना गाडी मागे घ्यायला शिकवते, तिथेच रविवारी काही मंडळी रिमोटची विमानं उडवतात. त्यांच्यातल्या एकाने दुकानाचा पत्ता दिला. दुकानदाराने विचारलं, "छोटं की मोठं?" मी म्हटलं, मोठं. "तयार की जोडायचं?" जोडायचं. "पंख्याचं की जेट?" जेट. "कोणतं?" भिंतीवर चित्रं होती. त्यातल्या चंदेरी, लाल पट्टा असलेल्या विमानाकडे मी बोट दाखवलं. रंग आवडला, दुसरं काही नाही. एवढ्या मोठ्या निर्णयाला मला दोन मिनिटं लागली. साडी घ्यायला तीन तास लागतात.

जेटच का, याला मात्र कारण होतं. बाबा एके काळी खऱ्या जेट विमानांचे मेकॅनिक होते. मी नऊ वर्षांची असताना त्यांनी ती नोकरी एका महिन्यात सोडली, आम्हाला क्वार्टर सोडावं लागलं, माझी शाळा सुटली, आणि बाबांनी शिलाई मशीन आणि मिक्सर दुरुस्तीचं दुकान टाकलं. घरात सांगितलं जायचं की साहेबाशी भांडण झालं. मला ते कधी खरं वाटलं नाही, कारण बाबांचं कोणाशीच भांडण होत नाही. घरातलं सगळं भांडण मी आणि आई मिळून करतो. पण मी रागावले मात्र होते, आणि तो राग मी पुष्कळ वर्षं नीट सांभाळून ठेवला होता.

वर्षापूर्वी दुकान बंद झालं आणि बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले ते बसलेच. बोटं आखडायला लागली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "यांच्या हातांना रोज बारीक काम द्या. नाहीतर वर्षभरात चमचा धरता येणार नाही." मी बाबांपुढे काय काय ठेवून पाहिलं. कोडी, रंग, कुंड्या. सगळ्याला एकच उत्तर. "माझे हात आता कामाचे राहिले नाहीत गं." म्हणून हे खोकं. हा माझा शेवटचा उपाय होता.

"बाबा, इकडे या. उघडायचंय."

ते सावकाश उठून आले. मी चिकटपट्टी टराटरा फाडली. आत पांढऱ्या थर्मोकोलच्या खाचांमध्ये सगळं निजवून ठेवलेलं. धड दोन तुकड्यांत, पंख, शेपटी, पिशव्यांमध्ये स्क्रू, तारेच्या काड्या, बोटाच्या पेराएवढ्या मोटारी, काळी बॅटरी, जाडजूड पुस्तिका. मी धडाचा पुढचा तुकडा उचलला. वजन काहीच नव्हतं, पण लांबी पाहून मी अवाक् झाले. जोडल्यावर ते माझ्या छातीला लागणार होतं. चाकं दुमडून पोटात जाणारी. वैमानिक बसतो तिथे खऱ्यासारखं काचेचं झाकण, आत खुर्ची, खुर्चीला पट्टे.

"बघा तरी बाबा! पट्टेसुद्धा आहेत."

मी वर पाहिलं. बाबांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. ते त्या काचेच्या झाकणाकडे पाहत होते.

"हे... तू मुद्दाम आणलंस?"

"म्हणजे?"

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? रंग चांगला वाटला म्हणून आणलं."

ते वळले आणि खोलीत गेले. दार लावून घेतलं. दुपारी जेवायला आले नाहीत, संध्याकाळी चहालाही नाहीत. आई म्हणाली, "आणखी आण विमानं. पुढच्या वेळी रणगाडा आण." मी तिच्यावर ओरडले आणि मग मोरीत जाऊन रडले. माणसाला खुर्चीतून उठवायला गेले आणि त्याला पलंगावर नेऊन टाकलं, असं मला वाटलं.

तीन दिवस खोकं हॉलमध्ये तसंच पडून होतं. आम्ही त्याला वळसा घालून ये-जा करत होतो. चौथ्या दिवशी मी शिकवणी संपवून घरी आले तर हॉलच्या मधोमध जुनी चादर अंथरलेली, आणि बाबा मांडी घालून बसलेले. नाकावर दुकानातला चष्मा. पुढ्यात सगळे स्क्रू आकाराप्रमाणे वाट्यांमध्ये. आईच्या सगळ्या वाट्या संपल्या होत्या आणि आई एक शब्द बोलत नव्हती. हा त्या आठवड्यातला आणखी एक धक्का.

मीही काही विचारलं नाही. मला भीती वाटत होती की विचारलं तर ते उठून जातील.

पुढचे तीन आठवडे आमच्या घरात गोंदाचा वास होता. बाबा सकाळी आठला बसायचे, एकला उठायचे. पहिल्या आठवड्यात स्क्रू हातातून सटकायचे. दुसऱ्या आठवड्यात ते चिमट्याने धरू लागले. तिसऱ्या आठवड्यात चिमटा बाजूला पडला. एकदा तर त्यांना शीळ घालताना मी ऐकलं. माझ्या छत्तीस वर्षांत पहिल्यांदा. आई कानात पुटपुटली, "बेसूर आहे, पण असू दे." मला इतका आनंद झाला होता की त्या दिवशी गाडी कुंपणात घालणाऱ्या शिकाऊ बाईलासुद्धा मी "काही हरकत नाही" म्हणाले.

विमान तयार झालं. हॉलमध्ये ते दिवाणापासून टीव्हीच्या टेबलापर्यंत पसरलं. रविवारी मैदानावर उडवायचं ठरलं. मैदानावरच्या मंडळींपैकी एक जण हातात हात धरून शिकवायला तयार होता.

शनिवारी सकाळी बाबांनी पट्टी घेऊन एका कागदावर रेघा मारल्या. डाव्या बाजूला अकरा कामं लिहिली: चाकं, बॅटरी, शेपटीची पाती, पंखांची पाती, असं सगळं. पुढे दोन रकाने. एकावर 'केलं', दुसऱ्यावर 'पाहिलं'. पहिल्या रकान्यात अकरा ठिकाणी त्यांनी स्वतःची सही केली. मग कागद आणि पेन माझ्यासमोर धरलं.

"दुसऱ्यात तू."

"काय करायचं?"

"एकेक काम तपासायचं आणि सही करायची. करणारा वेगळा, पाहणारा वेगळा. आमच्याकडे असंच असायचं."

फोनवर एका शिकाऊ माणसाचा संदेश येत होता, त्याला मी उत्तर देत होते. आणि खरं कारण सांगू का? मला त्यांचा मान राखायचा होता. तीन आठवडे राबलेल्या माणसाच्या कामाकडे, तेही ज्याने खरी विमानं सांभाळली त्याच्या, मी काय टॉर्च मारून बघणार? मी पेन घेतलं आणि वरपासून खालपर्यंत अकरा सह्या ठोकल्या.

"घ्या. तुम्ही केलंय म्हणजे काय बघायचं त्यात!"

मी हसत वर पाहिलं आणि माझं हसू विरलं. बाबा माझ्याकडे असे पाहत होते, जणू मी त्यांच्या थोबाडीत मारली होती.

"हेच," ते म्हणाले. "हेच वाक्य. अगदी हेच मी म्हणालो होतो."

"कधी? कोणाला?"

"वस्तादांना."

वस्ताद म्हणजे त्यांना काम शिकवणारे मोठे मेकॅनिक, एवढं मला लहानपणापासून माहीत होतं. बाबा चादरीवर बसले. आई दारात येऊन उभी राहिली होती. ते आमच्याकडे न बघता विमानाच्या शेपटीकडे बघत बोलायला लागले.

"हेच विमान होतं. हाच प्रकार, असाच पट्टा. शेपटीचं आडवं पातं काढून वस्तादांनी परत बसवलं होतं. ते जिथे दांड्याला जोडतात तिथे बोल्ट असतो, आणि बोल्ट निघू नये म्हणून त्यात एक पिन घालतात. एवढीशी. वस्तादांनी 'केलं'मध्ये सही केली आणि कागद माझ्यापुढे केला. मी पाहायचं होतं. वाकून, टॉर्च घेऊन. पण ज्या माणसाने मला पाना धरायला शिकवलं त्याच्या कामाखाली मी टॉर्च घालायचा? त्यांना काय वाटेल? मी म्हटलं, वस्ताद, तुम्ही केलंय म्हणजे काय बघायचं त्यात. सही केली. ते खूश झाले. पाठीवर थाप मारली."

"मग?" मी विचारलं.

"वैमानिक आला. मोठा मजेशीर माणूस. दर वेळी शिडीवर पाय ठेवून विचारायचा, 'बसू ना?' आणि मी म्हणायचो, 'बसा.' त्या दिवशीही म्हणालो. विमान वर गेलं. मी हत्यारं आवरायला लागलो. तर ट्रेमध्ये, फडक्याखाली, ती पिन. नवीकोरी."

आईने तोंडावर हात धरला.

"वैमानिकाशी बोलायची रेडिओची खोली वरच्या मजल्यावर होती. मी पळालो. निम्मा जिना चढलो आणि आवाज आला." ते थांबले. "एवढंच."

मी धप्पकन दिवाणावर बसले.

"चौकशी झाली," बाबा म्हणाले. "विमान पूर्ण जळालं होतं, त्यातून काही कळेना. मग त्यांनी कागद काढला. 'केलं' सही आहे. 'पाहिलं' सही आहे. म्हणाले, मेकॅनिकांचा दोष नाही, सह्या बरोबर आहेत. त्या सहीनेच मला सोडवलं. वस्ताद माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. पिन माझ्या खिशात होती. मी तोंड उघडलं नाही."

आई तिथेच रिकाम्या खोक्याच्या कडेवर बसली. खोकं चेपलं, तरी ती उठली नाही. "सत्तावीस वर्षं," ती म्हणाली. "सत्तावीस वर्षं मी त्या साहेबाला शिव्या देतेय. त्या बिचाऱ्याने काहीच केलं नव्हतं?"

"नाही," बाबा म्हणाले. "तो चांगला होता."

ज्या माणसावर मी इतकी वर्षं रागावले होते तो हा नव्हताच. माझ्या समोर बसलेल्या माणसाला मी ओळखतच नव्हते, आणि तो माझा बाप होता. मला त्यांची कीव आली, भीती वाटली, आणि त्या वैमानिकाच्या घरी कोण कोण असेल, हा विचार मनात आला.

"ऊठ," बाबा म्हणाले. "आता बघ. खरंखुरं बघ."

मला विमानातलं ओ की ठो कळत नाही. म्हणून मी पुस्तिका उघडली आणि चित्रात जसं होतं तसं करत गेले. पहिलं काम, चाकं. दुमडली, उघडली. बरोबर. बॅटरीचा पट्टा ओढून पाहिला. बरोबर. शेपटीच्या पात्यांकडे आले तेव्हा मी पालथी पडून टॉर्च मारला आणि एकेक जोड नखाने हलवून पाहिला. सगळं घट्ट होतं.

नववं काम, पंखांची पाती. पंखाच्या मागच्या कडेला दोन्हीकडे एकेक पातं असतं. चित्रात एक माणूस विमानाच्या शेपटीमागे उभा होता, म्हणून मीही शेपटीमागे उभी राहिले. रिमोट हातात घेतला. चित्रात लिहिलं होतं, रिमोटवरची छोटी काठी उजवीकडे न्या, उजवं पातं वर उठलं पाहिजे. मी काठी उजवीकडे नेली.

उजवं पातं खाली गेलं.

मी काठी सोडली, पुन्हा नेली. खाली. पुस्तिका उलटी तर धरली नाही ना, तेही पाहिलं. पुन्हा खाली. उद्या विमान उडालं असतं, पहिल्या वळणाला मी उजवीकडे म्हटलं असतं आणि ते डावीकडे उताणं झालं असतं.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. चूक होती म्हणून नव्हे. ती मला बाबांना सांगायची होती म्हणून. तीन आठवड्यांत मोठ्या मुश्किलीने जिवंत झालेले हात होते ते. आत्ता, या क्षणी, एवढं सगळं बोलून झाल्यावर, मी सांगू की तुमचं चुकलं? ते परत त्या खुर्चीत जाऊन बसतील आणि कधीच उठणार नाहीत. काही न बोलता उद्या मैदानावर त्या शिकवणाऱ्या माणसाला हळूच सांगता आलं असतं. तो गुपचूप दुरुस्त करून देईल. कोणाला कळणारही नाही. पेन माझ्या हातातच होतं. सही तर आधीच केलेली होती.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

आई माझ्याकडे बघत होती. तिने मान किंचितशी हलवली. नको सांगू, असं तिला म्हणायचं होतं की सांग, असं, ते मला आजही कळलेलं नाही.

"बाबा, नववं चुकलंय."

"शक्य नाही."

"उजवं पातं खाली जातंय."

"मी दहा वेळा तपासलंय!" त्यांचा आवाज चढला. मी त्यांना असं कधी ऐकलं नव्हतं. "आधी उलटं होतं ते मीच बटण दाबून सुलटं केलं. एकोणीस वर्षं विमानांच्या पात्यांसमोर उभा राहिलोय मी. ज्या बाजूला काठी, त्या बाजूचं पातं वर. तू मला शिकवणार? मैदानात गाड्या मागे घेता घेता?"

ते तरातरा आले, माझ्या हातातून रिमोट घेतला आणि विमानाच्या नाकासमोर जाऊन उभे राहिले. काठी उजवीकडे नेली. त्यांच्या उजव्या हाताचं पातं वर गेलं.

"हे बघ!"

"बाबा, तुम्ही समोर उभे आहात. तुमचा उजवा म्हणजे त्याचा डावा."

"समोरच उभं राहायचं असतं. वैमानिक आत बसतो, काठी हलवतो, आणि आपण नाकासमोरून..."

ते बोलता बोलता थांबले. रिमोटकडे पाहिलं. मग त्या काचेच्या झाकणाखालच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. एकोणीस वर्षं काठी त्यांच्याकडे तोंड करून बसलेल्या माणसाच्या हातात होती. त्याची काठी आणि वर जाणारं पातं त्यांना एकाच बाजूला दिसायचं. आज काठी त्यांच्याच हातात होती, आणि पाय मात्र सवयीने नाकासमोर जाऊन उभे राहिले होते.

ते सावकाश विमानाला वळसा घालून माझ्या शेजारी, शेपटीमागे आले. काठी उजवीकडे नेली. उजवं पातं खाली गेलं. त्यांनी चार वेळा तसं केलं. संपलं, मी मनात म्हटलं, मीच संपवलं.

"छोटीशीच गोष्ट आहे बाबा, एका बटणाची—"

"छोटी म्हणू नकोस." त्यांनी कागद उचलून माझ्यापुढे धरला. "सही खोड. आणि समोर लिही."

"काय लिहू?"

"जे पाहिलंस ते."

मी नवव्या ओळीतली सही खोडली आणि लिहिलं, 'चूक आहे.' माझं अक्षर वाकडंतिकडं आलं. बाबांनी तो कागद चष्मा वर करून पुष्कळ वेळ वाचला, दोनच शब्द असताना.

"राग आला मला तुझा," ते म्हणाले. "खूप आला. मघाशी वाटलं, हाकलून द्यावं तुला इथून."

"दिसलं ते."

"किती वेळ टिकला?"

"दोन मिनिटं असेल. का?"

ते खाली बसले. रिमोट उलटा करून त्यांनी नखाने ते बारीक बटण शोधलं आणि पहिल्या झटक्यात दाबलं. मग तिथेच, मान खाली घालून, एकाएकी हुंदके देऊन रडायला लागले. आई उठून त्यांच्या पाठीशी जाऊन बसली. मला त्यांचं बोलणं आधी कळलंच नाही, वाकून कान द्यावा लागला.

"वस्तादांचा राग फार तर महिनाभर टिकला असता," बाबा म्हणत होते. "फार तर महिनाभर बोलले नसते गं माझ्याशी."